वाचकांचे प्रश्न : विशारदचं शास्त्र, घरच्या घरी

गेल्या अंकात गाण्याच्या परीक्षांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रांचा ढीगच आला. बहुतेकांची तक्रार एकच, की गाणं-वाजवणं क्लासमध्ये होतं पण शास्त्र, म्हणजे लेखी पेपराची थिअरी, मात्र ज्याचं त्याने बघायचं. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय, बाकीच्या प्रश्नांना पुढच्या महिन्यात उत्तरं.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे. कॉलेजात असताना गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा पूर्ण केली होती, मग लग्न, मुलगी, नोकरी, ते सगळं नेहमीचंच. आता परत गाणं सुरू केलंय आणि त्याच्या पुढच्या विशारदला बसायचं ठरवलंय. गुरुजी राग छान शिकवतात पण शास्त्राचं नाव काढलं की म्हणतात गाईड आणा, पाठ करा, सगळे तेच करतात. मी आणलं, ट्रेनमध्ये पाठही करते, पण बावीस श्रुती, ग्राम, मूर्च्छना, सारणा चतुष्टयी सगळं डोक्यावरून जातं, ठाण्याला पाठ झालेलं भायखळ्याला गायब. क्लास लावायला ना वेळ ना पैसे. एकटीने जमेल का हो?

उत्तर : जमेल. आणि तुम्ही अकाउंट्समध्ये आहात हे वाचून तर मला फारच बरं वाटलं, कारण शास्त्राचा अर्धा पेपर हिशेब असतो आणि उरलेला अर्धा भांडण, म्हणजे कुठल्या पंडिताने आधीच्या पंडिताचं काय नाकारलं ते. पाठ करायचं असं त्यात फार कमी आहे. गाईडवाल्यांनी हिशेबातली फक्त शेवटची बेरीज छापलेली असते आणि भांडणातला फक्त निकाल, म्हणून ते डोक्यात राहत नाही. तुमच्या स्मरणशक्तीला उगाच दोष देऊ नका.

आधी एक काम करा. मंडळाचा आत्ताचा अभ्यासक्रम आणि मागचे जेवढे मिळतील तेवढे पेपर आणा, गाईडच्या मागे छापलेला अभ्यासक्रम नको, तो कधीचा असेल सांगता येत नाही. तुमच्या परीक्षा केंद्रावर विचारलंत तर मिळतात. पेपर चाळलेत की लक्षात येईल, विषय तेच तेच फिरून येतात आणि नुसती व्याख्या विचारलेली क्वचित, बहुतेक ठिकाणी तुलना करा, उदाहरण देऊन स्पष्ट करा, अमक्याचं मत सांगा.

आता ती सारणा चतुष्टयी, म्हणजे नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताचा दोन वीणांवर चार वेळा स्वर उतरवून बघायचा प्रयोग. हिला सगळे घाबरतात, खरं तर हा कागद-कात्रीचा खेळ आहे. जुन्या वहीच्या पानाच्या दोन लांब पट्ट्या कापा, दोन्हीवर बावीस-बावीस चौकोन आखा आणि नंबर घाला, एक चौकोन म्हणजे एक श्रुती, सप्तकातलं छोटंसं अंतर. भरताने स्वरांना श्रुती वाटल्या त्या सा ४, रे ३, ग २, म ४, प ४, ध ३, नी २, आणि प्रत्येक स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर ठेवला. म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर सा चौथ्या घरात, रे सातव्या, ग नवव्या, म तेराव्या, प सतराव्या, ध विसाव्या आणि नी बाविसाव्या. एक पट्टी म्हणजे अचल वीणा, ती टेबलावर चिकटवून टाका. दुसरी चल वीणा, ती हातात घ्या.

पहिल्या सारणेत चल वीणेवरचा आधी फक्त पंचम एक घर खाली आणायचा, सतरावरून सोळावर. ग्राम म्हणजे स्वरांची श्रुतींवरची मूळ मांडणी, वर लिहिली ती षड्ज ग्राम, आणि इथेच मध्यम ग्राम तयार झाला, त्यासाठी वेगळं काही पाठ करायला नको, षड्ज ग्रामातला पंचम एक श्रुती उतरला की मध्यम ग्राम, संपलं. मग बाकीचे सहाही स्वर तेवढेच उतरवले की चल वीणा परत षड्ज ग्रामात येते पण अख्खी एक श्रुती खाली. म्हणजे पट्टी एक घर डावीकडे सरकली. कुठलाच स्वर कुठल्याच स्वराशी जुळत नाही. आता अजून एक घर सरकवा, ग नऊवरून सातावर आला म्हणजे अचल वीणेच्या रे वर, आणि नी बावीसवरून विसावर, म्हणजे ध वर. तिसऱ्यांदा सरकवलं की रे जाऊन सा ला मिळतो, ध जाऊन प ला. चौथ्यांदा सा खालच्या नी ला, म हा ग ला आणि प हा म ला. आता तुमचा व्यवसाय कामाला येतो बघा : दोन स्वर दोन-दोन श्रुतींनी भेटले म्हणजे ४, दोन स्वर तीन-तीनने म्हणजे ६, तीन स्वर चार-चारने म्हणजे १२. बेरीज बावीस. ताळेबंद जुळला. श्रुती बावीसच का, या प्रश्नाचं भरताचं उत्तर हेच आहे. हे एकदा हाताने केलंत ना, मग भायखळाच काय, रिटायर होईपर्यंत विसरणार नाही.

आता भांडण. आधुनिक काळातल्या भातखंड्यांनी हीच ४-३-२-४-४-३-२ वाटणी ठेवली पण स्वर शेवटच्या श्रुतीवर न ठेवता पहिल्या श्रुतीवर ठेवला. तुमच्या पट्टीच्या मागच्या बाजूला लिहा : सा १, रे ५, ग ८, म १०, प १४, ध १८, नी २१. एवढ्याशा बदलाने काय होतं ते बघा. भरताच्या मांडणीत सा ते रे तीन श्रुती, रे ते ग दोन, ग ते म चार, म्हणजे गंधार आपल्या कोमल गंधाराच्या जवळ बसतो आणि शुद्ध सप्तक काफीसारखं, म्हणजे ग-नी कोमल असल्यासारखं, ऐकू येतं. भातखंड्यांच्या मांडणीत सा ते रे चार, रे ते ग तीन, ग ते म दोन, झालं बिलावल, म्हणजे आजचं सगळे स्वर शुद्ध असलेलं सप्तक. प्राचीन आणि आधुनिक शुद्ध सप्तकातला फरक सांगा म्हणून जो प्रश्न असतो त्याचं निम्मं उत्तर एवढंच आहे, गाईडात ते दोन वेगळ्या धड्यांत दिलेलं असतं म्हणून संबंध लागत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर तारेवर आहे. सतराव्या शतकातल्या अहोबलाने संगीत पारिजातात स्वर तारेच्या लांबीवर सांगितले, नुसते श्रुतींच्या नावांवर नाही, हे मोठं काम. पुस्तकांत तार ३६ इंच धरतात. तिच्या निम्म्यावर १८ इंचावर तार सा, सा आणि तार सा च्या मध्यावर २७ वर म, २४ वर प, सा आणि प च्या मध्यावर ३० वर ग. आता सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरा आणि ३६ ला ३० ने भागून २४० ने गुणा, २८८ येतात. हा कोमल गंधार झाला, शुद्ध नाही! म्हणजे अहोबलाच्या काळापर्यंतसुद्धा शुद्ध सप्तक काफीच्याच अंगाचं होतं. असंच पंचमाचं करून बघा, ३६ भागिले २४, गुणिले २४०, बरोबर ३६०. हे गणित पेपरात चार ओळींत मांडलंत तर परीक्षकाला कळतं की बाईंनी पाठ नाही केलंय, समजून केलंय.

मूर्च्छनेसाठी हार्मोनियम उघडा. पांढरी एक सा धरली तर बिलावल सगळी पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजते, काळीला हात लावायला नको. आता त्याच पट्ट्या, पण रे ला सा माना आणि सात स्वर चढा-उतरा, काफी झाली. ग पासून भैरवी, म पासून कल्याण, प पासून खमाज, ध पासून आसावरी. नी पासून सुरू केलंत तर पंचमच मिळत नाही, दोन मध्यम हाताला लागतात, आणि हे का होतं तेही लिहा. जुनी मूर्च्छना आणि हा हार्मोनियमचा प्रयोग अगदी एकच नव्हेत, जुन्या ग्रामातली श्रुतींची मापं वेगळी, पण एकदा कानाने हे ऐकलं की क्रमाने सात स्वरांचा आरोह-अवरोह म्हणजे मूर्च्छना ही व्याख्या आपोआप लिहिता येते.

थाटांचंही, म्हणजे राग ज्यांतून निघतात त्या सात स्वरांच्या साच्यांचंही, तसंच, मेळ हे त्यांचंच जुनं नाव. व्यंकटमखीचे ७२ मेळ म्हटलं की लोक आकडा पाठ करतात. सप्तकाचे दोन तुकडे करा, खालच्या तुकड्यात सहा प्रकार होतात, वरच्यात सहा, सहा सक छत्तीस, ते शुद्ध मध्यमाचे, तेवढेच तीव्र मध्यमाचे, बहात्तर. एका थाटातून राग किती? आरोह संपूर्ण (सात स्वरांचा) १ प्रकारे, षाडव (सहांचा) ६ प्रकारे, औडव (पाचांचा) १५ प्रकारे, एकूण २२, अवरोहही २२, गुणाकार ४८४. सहा आणि पंधरा कुठून आले ते स्वतः मांडून बघा, सा न सोडता सहा स्वरांतला एक गाळायचा की सहा, दोन गाळायचे की पंधरा. आणि मग एवढे शक्य असताना भातखंड्यांनी दहाच थाट का धरले यावर लिहा, तिथे हिशेब संपतो आणि प्रत्यक्ष गायले जाणारे राग सुरू होतात.

ग्रंथकारांची यादी करताना नाव, काळ, ग्रंथ असे तीन रकाने सगळेच करतात. तुम्ही चौथा रकाना घाला, आधीच्याचं काय बदललं. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात होता, म्हणजे आपल्या दौलताबादला, आणि त्याच्या संगीत रत्नाकराचे सात अध्याय. एवढं लिहून भागत नाही, स्वरापासून नृत्यापर्यंत सगळं एका ग्रंथात बसवलं हे लिहा. रामामात्य १५५० चा, त्याने मेळांवर रागांची मांडणी केली. भातखंडे तर आपल्या वाळकेश्वरचे, जन्म १८६०, वकिली सोडून गावोगाव फिरून बंदिशी गोळा केल्या. त्यांच्या हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार भाग मूळ मराठीत आहेत आणि तेही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू एकेका ग्रंथकाराला धारेवर धरतात. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला याच्यासारखा सोबती नाही. भाषा जुन्या वळणाची आहे, पहिली काही पानं जड जातात, नेट लावा. दादरच्या ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, येता-जाता वाटेवरच आहे तुमच्या.

राग तुलनेला मात्र पट्ट्या-बिट्ट्या उपयोगी नाहीत, तिथे गळाच लागतो. मारवा, पूरिया, सोहनी घ्या, तिघांचे स्वर तेच, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही. मारव्यात रे आणि ध चं राज्य, पूरियात ग आणि नी चं आणि चाल मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, सोहनी वर तार सा च्या आसपास घुटमळते. हे तिन्ही पाच-पाच मिनिटं गाऊन मग लगेच लिहायला बसा, वाक्यं वेगळी येतात. आणि एक गंमत जरूर लिहा, मारव्याचे वादी-संवादी, म्हणजे मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार, कोमल रे आणि शुद्ध ध, पण त्यांच्यात षड्ज-पंचम भाव, म्हणजे सा-प इतकं अंतर, बसत नाही, म्हणजे संवादाचा नेहमीचा नियम इथे चालत नाही. असं वाक्य गाईडात शोधून सापडत नाही.

ट्रेनबद्दल, सकाळच्या लेडीज डब्यात वही उघडायच्या फंदात पडू नका. तिथे फक्त एक प्रश्न मनात घ्यायचा आणि त्याचं उत्तर शेजारणीला समजावून सांगतोय असं मनातल्या मनात बोलायचं. जिथे अडखळाल ते रात्री बघायचं. आणि रविवारी एकदा हाताने, पेनाने, घड्याळ लावून अख्खा पेपर लिहायचा. आपण सगळे आता मोबाईलवर टाइप करतो, सलग लिहायची सवय गेलीय, आणि विशारदला नापास होणाऱ्यांत येत असूनही पेपर पुरा न झालेले मी भरपूर बघितलेत.

प्रश्न : मी लालबागचा, टीवायबीकॉमला आहे, तबला विशारद देतोय. हातात सगळं येतं पण आड, कुआड, बिआड कागदावर लिहायची म्हटली की गोंधळ होतो. कुठल्या मात्रेपासून सुरू करायचं तेच कळत नाही. काही सोपी ट्रिक आहे का?

उत्तर : ट्रिक नाही रे बाबा, भागाकार आहे, आणि बीकॉमवाल्याने भागाकाराला घाबरायचं म्हणजे कमालच झाली.

आड म्हणजे दोन मात्रांत तीन, दीडपट. झपतालाच्या दहा मात्रा दीडपटीत म्हटल्या तर जागा लागते दहा भागिले दीड, म्हणजे ६ पूर्णांक २/३ मात्रा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचं तर दहातून तेवढ्या वजा कर, ३ पूर्णांक १/३. म्हणजे तीन मात्रा जाऊ द्यायच्या, चौथीचा एक तृतीयांश जाऊ द्यायचा आणि सुरू करायचं. लिहिताना प्रत्येक मात्रेचे तीन भाग आणि प्रत्येक बोलाला दोन भाग. चौथी मात्रा ऽधीऽ, पाचवी नाऽधी, सहावी ऽधीऽ, सातवी नाऽती, आठवी ऽनाऽ, नववी धीऽधी, दहावी ऽनाऽ, आणि सम. बोल मोज, दहाच आहेत. एकही कमी-जास्त झाला तर भागाकार चुकलाय, परत कर.

हेच कुठल्याही तालाला आणि कुठल्याही लयीला. मात्रा भागिले पट, एकूणातून वजा, मग पट अपूर्णांकात लिहून (दीड म्हणजे ३/२) वरच्या आकड्याइतके मात्रेचे भाग पाडायचे. त्रिताल तिगुणीत १६ भागिले ३, ५ पूर्णांक १/३, वजा केलं की १० पूर्णांक २/३, म्हणजे अकराव्या मात्रेचे दोन भाग सोडून तिसऱ्यावर धा. बघ, पाठ करायला काहीच नाही.

फक्त एक सांभाळ. कुआड आणि बिआड यांची गणितं सगळीकडे सारखी सांगत नाहीत. बहुतेक ठिकाणी कुआड सव्वापट, चारात पाच, आणि बिआड पावणेदोनपट, चारात सात, असं धरतात, पण काही घराण्यांत आणि काही पुस्तकांत वेगळं सापडेल. त्यामुळे उत्तराच्या पहिल्या ओळीतच लिहून टाक की मी कुआड म्हणजे सव्वापट धरतोय, आणि मग तेच शेवटपर्यंत पाळ. तोंडी परीक्षेत हाताने टाळी देऊन बोलून दाखवायला लावतात तेव्हा हे कागदावरचं गणित कामाला येत नाही, तो रियाज वेगळा, तो तुझ्या गुरुजींकडेच.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ६८, पार्ल्याला राहतो, बँकेतून निवृत्त. मला फक्त इतकंच विचारायचं होतं की स्वरलिपी पलुस्करांची लिहायची की भातखंड्यांची? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत आणि कोणी कोणाचं ऐकत नाही.

उत्तर : काका नमस्कार. दोन्ही यायला हव्यात, कारण दोन्हींची तुलना हाही परीक्षेतला आवडता प्रश्न आहे. रोजच्या लिखाणाला तुमचा हात ज्यात बसलाय ती ठेवा, प्रश्नपत्रिकेत ठरावीक पद्धत मागितली असेल तर ती, आणि एका उत्तरात दोन्हींची भेसळ मात्र नको.

भेसळ होते ती मुख्यतः टिंबात. भातखंडे पद्धतीत मंद्राचं टिंब स्वराच्या खाली आणि तारेचं वर. पलुस्कर पद्धतीत मंद्राचंच टिंब वर देतात आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. म्हणजे डोक्यावर टिंब असलेला नी एका पद्धतीत गगनात आणि दुसऱ्या पद्धतीत पाताळात! तालाचंही बघा, त्रितालात भातखंड्यांची सम गुणाकाराच्या फुलीने, मग पाचव्या मात्रेवर २, नवव्यावर खालीचं शून्य, तेराव्यावर ३. पलुस्करांकडे समेला १, पाचव्यावर ५, खालीला अधिकची खूण, तेराव्यावर १३, म्हणजे टाळी ज्या मात्रेवर तोच आकडा. एकच बंदिश, तुम्हाला पक्की येणारी, समोरासमोरच्या दोन पानांवर दोन्ही लिप्यांत लिहून काढा. ग्रुपवर त्याचा फोटो टाका, बहुतेक दोन्ही तट गप्प बसतील. नाही बसले तर तो प्रश्न लिपीचा नाही, मी त्यात पडणार नाही.

प्रश्न : मी माहीमला राहते, पियानो शिकते, बारावी झाली. पियानोची आठवी ग्रेड झाली, आता लंडनच्या बोर्डाची थिअरीची आठवी ग्रेड द्यायचीय. पाचवीपर्यंतची थिअरी मी पुस्तकं सोडवून सहज केली होती पण ही वेगळीच निघाली. हार्मनी मी लिहिते ती बरोबर की चूक हेच कळत नाही. टीचर म्हणतात तू हुशार आहेस, करशील. घरात कोणाला यातलं काही कळत नाही, बाबा म्हणतात आमच्या वेळी पेटीला एवढं लिहायला नव्हतं. एकटीने कसं करू?

उत्तर : बाबांना वरची डोंबिवलीच्या बाईंची पट्टी दाखव, पेटीलाही किती लिहायला असतं ते कळेल त्यांना.

तुझी अडचण मात्र खरी आहे. पाचवीपर्यंत उत्तर एकच असतं, पुस्तकाच्या मागे बघून तपासता येतं. आठवीत तीन तासांचा पेपर आणि त्यात आकडे दिलेल्या बासवरून बरोक पद्धतीचा ट्रिओ सोनाटा पुरा करायचा, पियानोचा तुकडा पुरा करायचा, एक सुरावट स्वतः रचायची, शिवाय छापलेल्या स्कोअरवर प्रश्न. इथे दहा जणांची दहा उत्तरं वेगळी आणि दहाही बरोबर असू शकतात. त्यामुळे दोन प्रकारची तपासणी लागते, एक तू स्वतः करू शकतेस आणि एक नाही.

स्वतः करायची ती नियमांची. लागोपाठ पंचम आणि लागोपाठ अष्टक, म्हणजे दोन आवाज तेच अंतर ठेवून एकत्र सरकणं, हे दोन दोष नुसते नजरेने शोधू नकोस, जोड्या लाव. चार आवाजांत जोड्या सहा होतात, ट्रिओ सोनाट्यात दोन व्हायोलिन आणि बास म्हणजे तीनच. प्रत्येक जोडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट ठेवून वेगळी तपासायची, बाकीचे आवाज हाताने झाकून. कंटाळवाणं आहे, पण यातून सुटत काही नाही. मग प्रत्येक आवाज एकटा गाऊन बघ, पियानोवर वाजवून नाही, गाऊन. बोटांना काहीही वाजवता येतं, गळ्याला विचित्र उडी लगेच कळते. आणि स्कोअर वाचताना बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलंय त्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं, एफ हॉर्न शुद्ध पंचमाइतका खाली, हे रोज दोन-चार ओळी बदलून लिहून हातात बसव.

बरोक काळातल्या कॉरेल्लीचे ट्रिओ सोनाटे ४८ आहेत, बारा-बाराचे चार संच, पहिला १६८१ मध्ये छापलेला. त्यांचे हक्क कधीच संपलेत त्यामुळे स्कोअर फुकट मिळतात. एखाद्या सोनाट्याचा फक्त बास आणि आकडे वहीत उतरवून घे, वरचे दोन आवाज स्वतः लिही आणि मग मूळ उघडून शेजारी ठेव. तुझं वेगळं आलं म्हणून खोडू नकोस, त्याने तिथे तसं का केलं असेल ते समासात लिही. बाखच्या कोरालांवरही हाच प्रयोग होतो. जुने पेपर आणि वह्या धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये विचार. एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्राचा सीझन असतो तेव्हा जे वाजणार आहे त्याचा स्कोअर आधी घरी बघून जा, मग हॉर्न आत कुठे येतो ते कान स्वतः शोधतो.

दुसरी तपासणी चवीची. नियमात बसणारं पण मेलेलं लिहिलंय का, हे तुझं तुला कळणार नाही, अजून तरी नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा कोणाला तरी वही दाखवावीच लागेल. टीचर हुशार आहेस म्हणतात ना, मग त्यांनाच सांग की कौतुक नको, लाल पेन घ्या. त्यांना हार्मनी शिकवायची सवय नसेल तर त्यांनाच विचार कोणाकडे पाठवाल, दर आठवड्याच्या क्लासची गरज नाही, महिन्याला तासभर पुरतो. एकटीने करणं म्हणजे कोणालाच न दाखवणं असं थोडंच आहे.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर विशारदच्या तयार नोट्सची पीडीएफ फिरतेय, ७० पानांत सगळं. घेऊ का? यूट्यूबवरून शास्त्र होतं का?

उत्तर : पीडीएफ माझ्याकडेही आली, तीन वेगवेगळ्या नातेवाईकांकडून. पहिल्या काही पानांतच भरताची शेवटच्या श्रुतीची मांडणी आणि खाली भातखंड्यांचे नंबर असा संगम झालेला दिसला. घ्या, पण त्यात चुका शोधायला घ्या, पेनाने गोल करत जा. तो अभ्यास मात्र उत्तम होईल.

यूट्यूबवर राग ऐका, जुनी रेकॉर्डिंग्ज ऐका, एकच राग तीन घराण्यांत ऐका, त्यासाठी ते सोन्यासारखं आहे. शास्त्राचे व्हिडिओ बघताना मान डोलते, सगळं कळलंसं वाटतं आणि कागद समोर आला की पेन हलत नाही. बघायचाच असेल तर व्हिडिओ मध्येच थांबवायचा, पुढची ओळ स्वतः लिहायची, मग परत चालू करायचा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला दीड तास लागला तर समजा बरोबर चाललंय.